ओढ्यापर्यंत

आईचा फोन आला तेव्हा श्वेताच्या कानांवर हेडफोन होते आणि हेडफोनमध्ये लखमा गात होता. अंधेरीतल्या त्या थंड खोलीत भिंतींना स्पंज लावलेला होता आणि स्वतःचा आवाजसुद्धा परका वाटायचा. सकाळपासून ती एकाच कामाला बसली होती. लखमाच्या गाण्यातून कोंबडा, मोटारसायकल, कॅमेरामनचा खोकला असलं सगळं वेचून काढायचं. तांदूळ निवडायला बसल्यासारखं काम. फोन टेबलावर थरथरला आणि तिनं एक कान मोकळा केला. एका कानात लखमा आणि दुसऱ्या कानात आई, अशी ती थोडा वेळ राहिली. गाणं आधी बंद करायला हवं होतं, असं तिला नंतर पुन्हा पुन्हा वाटलं.

"महेंद्रचा फोन आला होता," आई म्हणाली.

श्वेतानं गाणं थांबवलं. आई सापगावच्या घरात पडवीत बसून बोलत असणार, कारण मागून रस्त्यावरच्या टेम्पोचा आवाज येत होता. आईच्या आवाजात उत्साह नव्हता, हेच पहिल्यांदा टोचलं. दूधवाला येऊन गेला, तशा सुरात ती सांगत होती. "बोलला नाय काय. मी विचारलं, महेंद्र काय रे? तर नुसतं हं केलं. मग गप्प. पाण्याचा आवाज येत होता, नदीबिदी असंल. मी बोलले, ये बाबा घरी, कोणी नाय रागवत. मग ठेवला त्यानं." श्वेता म्हणाली, कोणीतरी चुकून लावला असेल. आई म्हणाली, "चुकून लावणारा हं कशाला करील गो?" नंबर मागितला तर आईनं चष्मा शोधून आकडे एकेक करून वाचले. तो नंबर ओळखीचा नव्हता. लावून पाहिला तर संपर्कक्षेत्राच्या बाहेर होता.

पाण्याचा आवाज. श्वेतानं हेडफोन पुन्हा चढवले, पण गाणं सुरू केलं नाही. गाणं कुठे थांबलंय ते तिला ठाऊक होतं. ते ओढ्यापाशी थांबलं होतं.

महेंद्र तिचा धाकटा भाऊ. नाशिकला एका गोदामात सुपरवायझर होता. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद झाल्या, खानावळ बंद झाली, तेव्हा चालत निघाला. वाटेत कुणाकुणाच्या फोनवरून बोलत राहिला. शेवटचं बोलणं इगतपुरीहून: घाट उतरलो की आलोच, आई, पाणी तापवून ठेव. आईनं पाणी तापवलं. कसारा घाट उतरून शहापूर, तिथून सापगाव, म्हणजे तो जवळजवळ घरातच होता. पण घाटाच्या वर असलेला महेंद्र घाटाच्या खाली कधी आला नाही. चौक्या झाल्या, दवाखाने झाले, अनोळखी मयतांचे फोटो झाले. ते फोटो बघायला श्वेता जायची, कारण तिचा बाप नथू तोवर राहिला नव्हता आणि आईला कोणी नेत नव्हतं. प्रत्येक फोटोला ती नाही म्हणाली. एका फोटोच्या वेळी नाही म्हणताना तिची खात्री नव्हती, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून सापगावच्या घराचं दार रात्रीसुद्धा कडी न लावता नुसतं ढकललेलं असतं. चोर यायचे असते तर कधीच आले असते, आई म्हणते, चोरांनापण माहीत आहे ते दार कोणासाठी आहे.

श्वेता आवाज घ्यायचं काम करते. माहितीपटवाल्यांबरोबर ती कोळशाच्या खाणीत उतरली आहे, बर्फात तंबूत राहिली आहे, कचऱ्याच्या डोंगरावर नाकाला रुमाल बांधून तिनं घारींचे आवाज घेतले आहेत. सगळ्या युनिटमध्ये आवाजवाल्याला कोणी विचारत नाही. कॅमेऱ्याला सगळे विचारतात. आवाजवाल्याच्या हातात एकच सत्ता असते: विमान आलं, ट्रॅक्टर आला, कुत्रं भुंकलं, की तो हात वर करतो आणि सगळे थांबतात. लग्नात, मयताला, कुणाच्या घरी जेवायला बसलं तरी विमान गेलं की तिचा हात थोडासा उचलतो. जित्याची खोड, महेंद्र चिडवायचा, आणि म्हणीचा उरलेला भाग बोलायचा नाही. आणखी एक रीत तिच्या धंद्यात आहे. प्रत्येक जागेचं काम संपलं की निघण्याआधी सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि तिनं त्या जागेची शांतता रेकॉर्ड करायची. रूम टोन म्हणतात त्याला. पुढे कुठे गाणं किंवा बोलणं कापलं, की मधली फट बुजवायला ती शांतता लागते. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते आणि एकीची दुसरीला चालत नाही. सिद्धगडाखालच्या लखमाच्या वाडीतसुद्धा सगळे असे उभे राहिले होते, दिग्दर्शिका, कॅमेरामन, वाडीतल्या बाया, पेंढ्याचे भारे डोक्यावर घेतलेले गडी. लखमानं तेव्हा हळूच विचारलं होतं, "आता कोणाची वाट बघताव?" तो सगळा रूम टोन त्या प्रश्नामुळे वाया गेला होता.

वाडी लहानशी, डोंगराला टेकून बसलेली. भात कापून झालं होतं, खळ्यावर झोडणी चालू होती. दिग्दर्शिका वैष्णवी मुंबईची, वयानं लहान, मनानं चांगली आणि घाईची. मरणाच्या गाण्यांवर तिचा माहितीपट होता. लखमा म्हणजे त्या गाण्यांचा त्या बाजूचा शेवटचा गाणारा, असं तिनं अनुदानाच्या अर्जात लिहिलं होतं. लखमाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, शेवटचा कसा, पलीकडच्या वाडीत माझा मावसभाऊ आहे, पण तो पितो. गाणं म्हणायला तो तयार होता. कोणी मेलेलं नसताना म्हणायलाही त्याची हरकत नव्हती. अडलं ते नावावर. या गाण्यात गेलेल्याचं नाव घेऊन त्याला घरातून उठवायचं असतं आणि एकेक जागा सोडायला लावत वाटेला लावायचं असतं. "नाव लागतंय," लखमा म्हणाला. "नाव नाय तर गाणं कोणाला सांगंल?" वैष्णवी म्हणाली, बाबा, कुणाचंही घ्या, मागच्या वर्षी गेलेल्यांचं घ्या. "त्यांचं झालं. गेलेल्याला दुसऱ्यांदा नाय घालवीत." मग माझं घ्या, वैष्णवी हसत म्हणाली. लखमा हसला नाही. जित्याचं नाव घ्यायचं नाही, पोचवून झालेल्याचं घ्यायचं नाही. मग उरतो कोण? गेलेला, पण कोणी न पोचवलेला. वाडीतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. उन्हं कलत होती, कॅमेरामन घड्याळ बघत होता, आणि श्वेताच्या तोंडून निघून गेलं, "महेंद्र."

ती हेडफोन घालून बसली होती, त्यामुळे आपला आवाज तिला माइकमधून ऐकू आला, लांबून आल्यासारखा. लखमानं विचारलं, "तुझा कोण?" ती म्हणाली, भाऊ. "गेला?" या प्रश्नाला तिनं मान हलवली. ती मान नक्की कशी हलली, हो म्हणून की माहीत नाही म्हणून, हे तिनं नंतर कॅमेऱ्याच्या फुटेजमध्ये शोधलं, पण कॅमेरा लखमावर होता. तिच्या घरात असलं काही मानत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा आणि त्याबरोबरची सगळी भीती भातसा नदीत सोडली होती. नथू तर कुणी भूत म्हटलं की म्हणायचा, भुताला माझ्याकडे पाठव, बांधावर माती टाकायला माणूस पाहिजेच आहे. त्यामुळे नाव देताना तिला भीती वाटली नव्हती. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. कुणीतरी एकदाचं त्याला पोचवावं. दार लावावं. आईनं रात्री कडी घालून झोपावं. भाऊ मेलेला असावा असं बहिणीला वाटू शकतं, आणि तरी तिचं त्याच्यावर प्रेम असू शकतं, हे तिला त्या खळ्यावर बसून समजलं, आणि ते समजायला नको होतं असंही वाटलं.

लखमा गायला लागला. घर सोड रे महेंद्रा, उंबरा सोड. खळा सोड, तुझा दाणा आम्ही खाऊ. गुरं सोड, तुझी गुरं आम्ही चारू. आवाज असा की वर चढतच नव्हता, जमिनीवरूनच जात होता. हेडफोनमध्ये तो तिच्या डोक्याच्या आत वाजत होता. महेंद्र घरातून उठला, तिनं पाहिलं. चपला शोधत होता, नेहमीसारखा. वाट सोड, बांध सोड, मागं वळू नको, ओढ्यापाशी ये. ओढ्यापाशी थांब रे महेंद्रा, पाणी पी. आणि डोंगरामागून विमान आलं. तिचा हात वर गेला. तिनं ठरवलं नव्हतं, तो गेला. वैष्णवी कट म्हणाली. लखमा दोन शब्द आणखी म्हणाला आणि तोंड उघडं ठेवून थांबला. "ओढ्यापर्यंत आलाय तो," तो म्हणाला. "असा मधी नाय सोडीत." बाबा, पाच मिनिटं, वैष्णवी म्हणाली, विमान जाऊ दे. विमान गेलं तर खालच्या शेतात झोडणीचं मशीन सुरू झालं. मशीन थांबलं तोवर उजेड गेला. उद्या घेऊ, असं ठरलं, आणि सकाळी वैष्णवीनं रात्री बघितलेल्या फुटेजवर समाधान मानलं. आपल्याला दोनच मिनिटं लागणार आहेत, ती म्हणाली, आहे ते पुरेसं आहे. निघताना लखमा दिसला नाही, रानात गेला होता. त्याची सून, लहानी, जीपपाशी आली. तिला डोळे दाखवायला शहापूरला जायचं होतं. श्वेता म्हणाली, सापगाव रस्त्यातच आहे, आमच्या घरी उतर, आई एकटीच असते, आणि घरचा नंबर दिला. हे सगळं श्वेताला आठवत होतं. तरी त्या थंड खोलीत तिनं एकाला एक जोडलं नाही. भीती वाटायला लागली की माणूस सरळ हिशेब करत नाही.

तिला दिसत होता तो एवढाच महेंद्र: ओढ्यात पाय सोडून बसलेला, कुणाचा तरी फोन मागून घेतलेला, पुढे जायला कोणी सांगत नाही आणि मागे वळायचं नाही असं बजावलेलं. बोलाफुलाला गाठ पडते, तिनं स्वतःला सांगितलं. फोन चुकून लागतात, पाणी सगळीकडे वाहतं. तिनं वाडीतल्या ओढ्याचं रेकॉर्डिंग काढून ऐकलं. आईला फोनवर कसलं पाणी ऐकू आलं ते तिला ऐकू येणार नव्हतं, तरी ती ऐकत बसली. चहावाला चहा ठेवून गेला, त्याच्यावर साय धरली. दुपारी आईचा पुन्हा फोन. तिनं शेजारच्या रुपालीला सांगितलं होतं, रुपालीनं आळीत सांगितलं होतं, लोक येऊन बसले होते. "सुकी मासळी आणलीय, जवळा," आई म्हणाली. "त्याला आवडतो." मागे कोणीतरी हसत होतं. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणीतरी हसत होतं.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या डेपोत ती उभी राहिली तेव्हा शहापूरची गाडी लागलेली होती. ती मुरबाडच्या गाडीत बसली. आईकडे जाऊन काय सांगायचं? मुरबाडला उतरून म्हसा गावाकडे जाणारी जीप, जीपमध्ये खताच्या गोण्यांवर पाय ठेवून बसलेली माणसं, कोणाच्या तरी मोबाइलवर हळदीची गाणी. कोणी विचारलं, मॅडम, शूटिंग परत आहे काय? ती म्हणाली, थोडं राहिलंय. सिद्धगड समोर आला. तो नेहमी एकदम समोर येतो, वळणावर, आणि मग पूर्ण वाटभर हलत नाही. शेवटचा पल्ला चालायचा. कापलेल्या भाताचे खुंट, बांधावर वाळणारा पेंढा, कुठे माणूस नाही. चालताना आपल्या पावलांमागे पावलं येताहेत असं तिला वाटलं. तिच्या कानांना हे कळायला हवं होतं, तिचं पोट कानांवर चालतं. ती थांबली तर पावलं थांबली. ती चालली तर आली. मागे वळून बघायचं नाही, हे आपल्याला नव्हे, त्याला सांगितलंय, असं म्हणत तिनं वळून पाहिलं. वाट रिकामी होती.

लखमा अंगणात बसून टोपली विणत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि बाजूची कामटी सरकवली, बसायला जागा केली. लहानी पाणी घेऊन आली. श्वेतानं तांब्या हातात धरला, पाणी प्यायली नाही. "बाबा," ती म्हणाली, "ते गाणं." गाणं पूर्ण करा म्हणायला आलो की परत फिरवा म्हणायला, हे तिनं वाटेत ठरवलेलं नव्हतं.

"मागं नाय फिरवता येत," लखमा म्हणाला, तिनं विचारल्यासारखं. "मागं आणायचं गाणं आमच्यात नाय. कोणात असंल तर मला ठाऊक नाय."

"आईला फोन आला होता. कोणी बोललं नाही. पाण्याचा आवाज येत होता."

लहानी आणि लखमानं एकमेकांकडे पाहिलं. लहानी पदर तोंडाशी घेऊन म्हणाली, "तो आमीच केला." श्वेताला ते लगेच समजलं नाही. लहानीनं सांगितलं ते असं: गाणं म्हटलं की गेलेल्याच्या घरात सांगायला लागतं, तुमच्या माणसाला वाटेला लावलाय म्हणून, आणि घरच्यांनी हो म्हणायला लागतं. तुम्ही तर निघून गेलात. बाबा रात्री झोपेनात, अर्धा आहे, घरात माहीत नाही, माणूस ओढ्यावर बसलाय. मग तुम्ही दिलेला नंबर होता. रेंज इथे फक्त ओढ्यातल्या कातळावर येते, तिथे नेऊन बाबांच्या हातात फोन दिला.

"मी सांगणार होतो," लखमा म्हणाला. "तर ती बाय बोलली, महेंद्र काय रे? मी हं केलं. हं म्हणजे, हो, त्याच्याबद्दलच बोलाया. मग ती रडली नाय, काय नाय. बोलली, ये बाबा घरी, कोणी नाय रागवत." त्यानं टोपली खाली ठेवली. "मला काय बोलता आलं नाय गो. मी ठेवला."

म्हणजे भूत नव्हतं. नथू असता तर मांडीवर थाप मारून हसला असता. श्वेताला हसू आलं नाही. उलट आता कुठे खरी भीती तिच्या अंगात उतरली. भूत असतं तर ते भुताचं काम होतं, आता हे तिचं काम होतं. सापगावला पडवीत माणसं बसली आहेत, जवळा भाजला जातोय, आणि आईला कोणीतरी सांगायचं आहे की तो हं एका म्हाताऱ्याचा होता. आणि ते सांगितलं की पुढचंही सांगावं लागणार, तुझ्या मुलाचं नाव मी दिलं, मला वाटत होतं तो गेलेला असावा. आईनं एकदा हे ऐकलं की दाराला कडी लागेल, आणि ती महेंद्रवर लागणार नाही, श्वेतावर लागेल.

"आईला सांग," लखमा म्हणाला. "तिनं हो म्हटलं का पुढचं म्हणतो. थोडंच राहिलंय. ओढा पार केला का मग त्याला ठाऊक असतं. तो असा बसलेला बरा नाय, तुमालाबी नाय, आमालाबी नाय. बायका ओढ्यावर जाया मागंपुढं बघतात."

तिघं ओढ्यावर उतरली. कातळ उन्हानं तापलेला होता, पाणी कमी पण सरळ वाहत होतं, आणि तो आवाज तिला पाठ होता. तिच्या स्वतःच्या फोनला इथेही रेंज नव्हती, कंपनी वेगळी. लहानीनं आपला फोन पुढे केला. लखमा झाडाखाली दगडावर बसला आणि घसा साफ केला, गाण्याआधी करतो तसा. श्वेता मनात वाक्य जुळवत होती. आई, मी श्वेता बोलतेय. आई, नीट ऐक. आई, रुपालीला जवळ बसव. वाक्य जुळलं असं वाटलं तेव्हा ती आकडे दाबायला लागली आणि फोन हातातच वाजला. पडद्यावर तोच नंबर होता, सापगावचा, आईचा. आई कालपासून त्या नंबरावर हिरवं बटण दाबत असणार, लागेल तेव्हा लागेल म्हणून.

तिनं फोन कानाला लावला.

"महेंद्र?" आई म्हणाली.

आई, मी श्वेता. एवढे तीनच शब्द. ते तोंडात होते, जिभेवर त्यांची चव होती. मागे टेम्पो गेला, म्हणजे आई पडवीतच. माणसांचे आवाज नव्हते. आईनं माणसांना घालवून दिलं असणार, किंवा माणसंच कंटाळून गेली असणार. श्वेतानं तोंड उघडलं आणि श्वास आत गेला, बाहेर आला. फट बुजवायला शांतता लागते आणि ती त्याच जागेची लागते.

"नको बोलू," आई म्हणाली. "बोलायचं नसंल तर नको बोलू. मला काय घाई नाय." थोडं थांबून ती म्हणाली, "तुला खरं सांगू? काल मला शंका आलती. श्वास म्हाताऱ्यासारखा लागला. मी कोणाला बोलले नाय, पण रात्रभर झोप नाय लागली, बोलले, आपण फसलो काय. आज नाय तसं. आज ओळखला मी. लहान होतास तेव्हा असाच घ्यायचास, ताप आला का."

झाडाखाली लखमानं मान वर केली. श्वेताचं बोलून झालं असं त्याला वाटलं असावं, किंवा आईनं हो म्हटलं असं वाटलं असावं, कारण तो ओढ्याकडे तोंड करून बसला आणि पहिला सूर लावायला त्यानं छाती भरून घेतली. श्वेताचा हात वर गेला. आकाशात विमान नव्हतं, कुठे मशीन नव्हतं. लखमा तोंड उघडं ठेवून थांबला. तिच्या हाताकडे त्यानं पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. लहानी दोन पावलं मागे सरकली, पाण्यापासून लांब.

"श्वेताला नाय सांगत मी, तू बोललास," आई म्हणत होती. "ती म्हणंल, चुकून लागला असंल. तिला काय कळतं. तू उद्या पण कर हा. याच टायमाला. मी दुसरीकडं कुठं जात नाय."

हात खाली घ्यायचा होता, पण तो घेतला असता तर लखमा गायला लागला असता. श्वेता तशीच उभी राहिली, आणि आईला ऐकू जाईल इतपत श्वास घेत राहिली.